तारेवरची कसरत : एडवर्ड अँगलची गोष्ट

आपल्या मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात मध्यंतरात वड्यांच्या रांगेकडे जरा नीट बघा. सातवी-आठवीतली बरीच मुलं दातांवर तारा घेऊन उभी दिसतील. शिवाय त्या तारांवरचे छोटे रबर प्रत्येक खेपेला वेगळ्या रंगाचे! आपल्या लहानपणी वर्गात तार लावलेला एखादाच असायचा आणि तो बिचारा तोंडावर हात ठेवून हसायचा. इथे मात्र ब्रेसेस म्हणजे मोठं होण्याची एक पायरीच झाली आहे.

मुलांचं हे असं. खरी परीक्षा असते ती आईबाबांची. एक डॉक्टर म्हणतो, जबड्यात जागा नाही, चार दात काढावे लागतील. दुसरा म्हणतो, एकही काढायची गरज नाही. तिकडे फोनवर आजी विचारते की धडधाकट, न किडलेले दात कसले काढता? आजीला माहीत नसेल, पण ह्या प्रश्नावरून अमेरिकेतल्या दंतवैद्यांची शंभर वर्षांपूर्वी अक्षरशः हातघाईची लढाई झाली होती. आजीच्या बाजूचा सेनापती होता एडवर्ड हार्टली अँगल. आडनावच अँगल, म्हणजे कोन. त्याचं सगळ्यात मोठं काम म्हणजे दातावरची एक खाच ९० अंशांतून फिरवणं. हा योगायोग मला फार आवडतो.

अँगलचा जन्म १ जून १८५५ चा, पेनसिल्वेनियातल्या ब्रॅडफर्ड काउंटीत हेरिक गावी. घरी शेती, सात भावंडं. पोराचं शेतात लक्ष नव्हतं. हातात हत्यार आलं की मात्र काहीतरी बनवत बसायचा. आईनं हे ओळखलं आणि त्याला दंतवैद्याकडे शिकायला घातलं. तेव्हा हा धंदा सुतारकाम किंवा सोनारकामासारखा, गुरूच्या हाताखाली राहूनच शिकत. पुढे फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून १८७८ मध्ये तो रीतसर पदवीधर झाला आणि टोवांडा गावात त्यानं दवाखाना थाटला. पण छातीच्या दुखण्यानं तब्येत ढासळली. हवापालट म्हणून तो मिनियापोलिसला गेला आणि तिथून १८८२ च्या सुमारास थेट मोंटानात. तिथे भावाबरोबर मेंढ्या पाळायचा बेत होता. एका भयंकर हिवाळ्यात मेंढ्या गारठून मेल्या, भांडवल बुडालं आणि स्वारी परत मिनियापोलिसला दातांकडे आली. मोंटानाचा तो हिवाळा जरा सौम्य असता तर आपल्या मुलांच्या तोंडात आज काय असतं कोण जाणे.

त्या काळात दात सरळ करणं हे दंतवैद्याचं फावल्या वेळचं काम होतं. शास्त्र असं काही नव्हतंच. प्रत्येक जण आपापल्या परीनं रबराच्या पट्ट्या, सोन्याच्या तारा, स्क्रू वापरून प्रत्येक रोग्यासाठी नवं यंत्र बनवायचा. एकाचं यंत्र दुसऱ्याला उपयोगी नाही आणि एकाचा निकाल दुसऱ्याशी ताडून बघायची सोय नाही. अँगलच्या कारागिरी डोक्याला हे पटेना. त्यानं मोजके ठरावीक भाग तयार केले: दाढेला बसणारी कडी, तिला डागलेली नळी, आटे पाडलेली कमान, नट. हे भाग पेटीत घालून विकायला ठेवले. कुठल्याही गावच्या दंतवैद्यानं पेटी मागवावी आणि सूचनांप्रमाणे जोडावी. १८८७ साली वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषद भरली, तिथे त्यानं ही पद्धत मांडली.

धातूचाही प्रश्न होताच. सोनं आणि प्लॅटिनम तोंडात गंजत नाहीत, पण किंमत? अँगलनं सोन्याच्या जागी जर्मन सिल्व्हर आणलं. आपल्या आजीच्या काळातल्या ताटवाट्यांचं तेच जर्मन सिल्व्हर, ज्यात चांदीचा कणही नसतो. तांबं, निकेल आणि जस्त एवढंच. न्यूयॉर्कचा जॉन फॅरर हा त्या काळचा मोठा माणूस. हा धातू तोंडात काळा पडतो हे त्यानं दाखवून दिलं आणि अँगलवर कडाडून टीका केली. काळा पडतो हे खरंच होतं. पण तो स्वस्त होता, हवा तसा वळत होता, म्हणून चालला. टीका सहन करणं अँगलच्या स्वभावात नव्हतं. एकदा शत्रू ठरला की कायमचा, असा हा माणूस.

पुढे मिनेसोटा, नॉर्थवेस्टर्न, मग सेंट लुईसची महाविद्यालयं अशी त्याची शिक्षकी चालू राहिली. हे काम नीट शिकवायला वेगळा वेळ आणि वेगळा विभाग द्या, असं तो सगळीकडे सांगायचा. कुणी देईना, की भांडण आणि राजीनामा. शेवटी १९०० साली त्यानं सेंट लुईसला स्वतःचीच शाळा काढली, फक्त दात सरळ करणं शिकवणारी. कोर्स काही आठवड्यांचाच, पण ह्या विषयाला वाहिलेली अशी शाळा त्याआधी नव्हती. ह्याच मंडळींतून ऑर्थोडॉन्टिस्टांची अमेरिकेतली पहिली संघटना उभी राहिली. आज आपण ज्याला ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणतो, म्हणजे जो दात भरत नाही, काढत नाही, फक्त जागेवर आणतो, तो वेगळा डॉक्टर इथून सुरू झाला.

त्याच्या वर्षभर आधी, १८९९ मध्ये, अँगलनं जे केलं ते मला त्याच्या सगळ्या पेटंटांपेक्षा मोठं वाटतं. त्याआधी वेड्यावाकड्या दातांची वर्णनं म्हणजे नुसता शब्दांचा पसारा होता. अँगल म्हणाला, समोरचे दात बघूच नका. गाल बाजूला करा आणि दाढा बघा. सहाव्या वर्षाच्या आसपास येणारी वरची पहिली मोठी दाढ हा खुंटा धरा. तिचा पुढचा बाहेरचा उंचवटा खालच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या खोबणीत बसला असेल आणि तरी दात वाकडे असतील, तर तो पहिला वर्ग. खालची दाढ मागे राहिली असेल तर दुसरा; वरचे दात ओठाबाहेर डोकावणारी मुलं बहुधा ह्यातली. खालची दाढ पुढे सरकली असेल, हनुवटी पुढे आली असेल, तर तिसरा. बस्स, इतकंच! आमच्या संगणकाच्या धंद्यात अनुभवी माणसं सांगतात की आधी डेटा नीट मांडा, प्रोग्रॅम आपोआप सोपा होतो. अँगलनं नेमकं तेच केलं. आजही जगातल्या कुठल्याही ऑर्थोडॉन्टिस्टाच्या कागदावर क्लास वन, टू, थ्री हेच लिहिलेलं असतं. ह्या मांडणीत उणिवा आहेत, कारण ती दातांबद्दल बोलते, चेहऱ्याच्या हाडांबद्दल फारसं नाही. तरी तिची जागा दुसऱ्या कशानं घेतलेली नाही.

आता भांडणाकडे येऊ. दात काढायचे नाहीत असा अँगलचा पण सुरुवातीपासून नव्हता. त्याच्या पुस्तकाच्या १९०० च्या आवृत्तीपर्यंत गरज पडली तर काढा असंच होतं. मग त्याला चेहऱ्याच्या सौंदर्याचा नियम शोधायचं वेड लागलं. ग्रीक अपोलोच्या पुतळ्याचा चेहरा त्याला आदर्श वाटे. सेंट लुईसच्या कलाशाळेत एडमंड वुर्पेल नावाचे चित्रकार शिकवत. अँगल त्यांच्याकडे गेला आणि सुंदर चेहऱ्याचा एक पक्का नियम द्या म्हणाला. असा एकच नियम नसतो, प्रत्येक चेहऱ्याचं सौंदर्य त्याचं त्याचं असतं, असं वुर्पेलनी त्याला समजावलं. दुसरा कुणी असता तर नियमाचा नाद सोडता. अँगलनं त्यातूनही नियम काढलाच! ज्याचा त्याचा चेहरा सुंदर दिसायला निसर्गानं ज्याला त्याला ३२ दात दिलेत. ते सगळे ठेवून जागेवर बसवले की चेहरा आपोआप सुंदर होणार. ओल्ड ग्लोरी असं लाडकं नाव दिलेली एक कवटी तो विद्यार्थ्यांना दाखवायचा, तिच्यात बत्तीसच्या बत्तीस दात चिरेबंदी बसलेले होते. त्याच सुमारास हाडावर भार पडेल तसं हाड घडतं, हा जर्मन डॉक्टर वोल्फचा सिद्धांत गाजत होता. अँगलनं तो उचलला. कमान रुंद करा, दात त्यात बसवा, माणूस चावायला लागला की खालचं हाड त्यामागे वाढेल. १९०७ च्या सातव्या आवृत्तीत दात काढणं जवळजवळ पापच ठरलं.

शिकागोचा कॅल्विन केस अँगलपेक्षा आठ वर्षांनी मोठा आणि तोडीस तोड. त्याचं म्हणणं साधं होतं. जबडा आणि दात आईबापांकडून येतात. काही मुलांत त्यांचा मेळ नसतो. सगळे दात दाटीवाटीनं बसवाल तर चेहरा पुढे येईल आणि दात पुन्हा फिरतील. सरसकट दात काढा असं तो म्हणत नव्हता, थोड्या रोग्यांत काढा एवढंच. १९११ साली हा वाद भर सभेत रंगला. अँगलच्या बाजूनं त्याचा शिष्य मार्टिन ड्यूई लढला. निकाल? पुढची जवळजवळ तीस वर्षं अमेरिकेत अँगलपंथ चालला. केस १९२३ मध्ये वारला, तोवर त्याचं ऐकणारे फार थोडे उरले होते.

हे वाचताना मला एक गोष्ट खटकत राहते. दोन्हीकडे युक्तिवाद होता, दोन्हीकडे निवडक फोटो होते. पण शंभर रोगी घेऊन, पाच-दहा वर्षांनी परत बोलावून, कुणाचे दात कुठे आहेत हे मोजलं होतं कुणी? कुणीच नाही. ज्याच्याकडे शाळा, शिष्य आणि मोठा आवाज, तो जिंकला.

अँगलचं घरचं आयुष्यही सरळ नव्हतं. पहिलं लग्न मोडलं. ॲना हॉपकिन्स त्याची सेक्रेटरी होती. तिनं आयोवा विद्यापीठातून दंतवैद्यकीची पदवी घेतली आणि परत येऊन शाळेत काम करू लागली. १९०८ मध्ये त्यांनी लग्न केलं. शिष्य तिला मदर अँगल म्हणत. हा तापट माणूस शाळेतून एखाद्याला हाकलून द्यायचा आणि तुटलेलं सांधायला ही असायची. प्रकृतीपायी शाळा सेंट लुईसहून न्यूयॉर्ककडे, मग कनेक्टिकटमध्ये न्यू लंडनला गेली आणि अखेर बंद पडली. १९१६ मध्ये ही दोघं कॅलिफोर्नियात पॅसाडिनाला राहायला आली, निवृत्त व्हायला म्हणून. पण शिकायला येणारे दार ठोठावतच होते. शाळा पुन्हा सुरू झाली, जुन्या शिष्यांनी वर्गणी काढून तिला इमारत बांधून दिली.

ह्या सगळ्या काळात यंत्रावरचं काम थांबलं नव्हतं. पहिल्या कमानीनं दात नुसता कलायचा. मुळाला हलवता येत नव्हतं. वाकलेला खांब डोक्याला दोरी बांधून ओढला तर डोकं येईल, पाया तिथेच राहील, तसं. म्हणून त्यानं प्रत्येक दाताच्या कडीला उभी नळी आणि तारेला खिळा अशी रचना केली. कल्पना उत्तम, पण दर खेपेला खिळे काढून नव्या जागी डागावे लागत. ते सोनाराचं काम इतकं नाजूक होतं की फार थोड्यांना जमलं. मग १९१६ च्या आसपास चपटी फितीसारखी तार आली. ही वापरायला सोपी, पण मुळांवर पुरेसा ताबा नाही.

शेवटी १९२५ मध्ये, वयाच्या सत्तरीत, त्यानं ती खाच फिरवली. उभी होती ती आडवी केली आणि आयताकृती तार कडेवर उभी करून तिच्यात बसवली. एजवाइज म्हणतात ते हेच. चौकोनी खाचेत चौकोनी तार. तारेला जरासा पीळ दिला की तो खाचेतून दाताला आणि दातातून मुळाला पोचतो. वरखाली, आतबाहेर, मूळ इकडे की तिकडे, सगळं एकाच तारेनं. खाचेचं माप ०.०२२ बाय ०.०२८ इंच, म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरहून थोडं जास्त रुंद आणि पाऊण मिलिमीटरहून थोडं कमी खोल.

हे माप ठरलं ते सोन्याच्या तारेसाठी. सोनं मऊ, म्हणून तार जाड हवी. पुढे स्टेनलेस स्टील आलं, ते जवळजवळ दुप्पट ताठ. तेवढ्याच जाडीची स्टीलची तार दाताला फार जोरात ढकलते. म्हणून काहींनी खाच ०.०१८ इंचावर आणली आणि काहींनी जुनी तशीच ठेवली. आज सोन्याची तार कुणी वापरत नाही, पण दोन्ही मापं बाजारात आहेत आणि दोन्हीचे कट्टर भक्तही आहेत. जुन्या सिस्टिमशी जुळवून घेताना ज्यांचे केस पिकले, त्या माझ्या व्यवसायबंधूंना हे वेगळं सांगायला नको. १९७० च्या दशकात निकेल-टायटेनियमची नायटिनॉल तार आली. ती मुळात अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडलेली, आयोवाच्या जॉर्ज अँड्रिअसननी दातांसाठी आणलेली. कितीही वाकवा, हळूहळू मूळ आकारात येते. दाबही सौम्य असतो. तीसुद्धा बसते कुठे? अँगलच्या आडव्या खाचेत.

११ ऑगस्ट १९३० ला सांता मोनिकात अँगल वारला, ७५ वर्षांचा होऊन. आपल्या एजवाइजवर आणि बत्तीस दातांवर त्याची श्रद्धा शेवटपर्यंत अढळ होती.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. अखेरच्या वर्षांत त्याला चार्ल्स ट्वीड नावाचा शिष्य मिळाला, ॲरिझोनातल्या टूसानचा. अँगलनं त्याला दोन गोष्टी करायला सांगितल्या होत्या: आयुष्यभर फक्त एजवाइजच वापरायचं आणि ऑर्थोडॉन्टिस्टला कायद्यानं वेगळा परवाना मिळवून द्यायचा. ट्वीडनं दोन्ही पाळलं. ॲरिझोनात तसा कायदा १९२९ मध्ये झाला, देशातला पहिला. गुरूच्या शब्दाबाहेर न जाता त्यानं काही वर्षं एकही दात न काढता उपचार केले. मग आपल्याच जुन्या रोग्यांना परत बोलावून तो नीट बघू लागला. बऱ्याच जणांचे दात पुन्हा वाकडे झाले होते. काहींचे सरळ होते, पण ओठ मिटत नव्हते, चेहरा पुढे आलेला. खालचे पटाशीचे दात जबड्याच्या हाडावर ताठ उभे राहण्याऐवजी पुढे कलले होते.

असं दिसल्यावर आपण काय केलं असतं? रोगी रिटेनर लावत नाही म्हणून त्याच्यावर ढकललं असतं, बहुतेक. ट्वीडनं त्या मुलांच्या सुळ्यांमागच्या चार छोट्या दाढा काढल्या आणि एकही पैसा न घेता पुन्हा पहिल्यापासून उपचार केले. आणि गंमत म्हणजे, काढलेल्या दातांची रिकामी जागा मुळं सरळ ठेवून बंद करायला यंत्र कुठलं वापरलं? अँगलचंच एजवाइज. जुन्या कमानीनं दात नुसते त्या खड्ड्यात कलंडले असते. १९३६ मध्ये त्यानं हे मांडलं तेव्हा अँगलपंथीयांत खळबळ उडाली. गुरुद्रोह म्हणजे काय, तो हाच! पण १९४० मध्ये शिकागोच्या अधिवेशनात त्यानं शंभर रोग्यांचे साचे आणि फोटो मांडून ठेवले, आधी दात न काढता केलेले आणि नंतर काढून केलेले, शेजारी शेजारी. ते बघितल्यावर वाद घालणाऱ्यांचा आवाज उतरला.

त्याच शाळेतून १९२५ च्या सुमारास शिकून गेलेला ऑस्ट्रेलियाचा रेमंड बेग तिकडे ॲडलेडला त्याच निष्कर्षावर पोचला होता, आपल्या वाटेनं. मेलबर्नच्या आर्थर विल्कॉक ह्या धातुतज्ज्ञाकडून त्यानं खास स्टीलची गोल तार बनवून घेतली. बेगची पद्धत भारतातल्या दंत महाविद्यालयांत कित्येक वर्षं शिकवली जात होती. तेव्हा आपल्यापैकी कुणाच्या तोंडात तिकडे, ऐंशीच्या दशकात, तार बसली असेल तर ती कदाचित अँगलच्या ह्या दुसऱ्या बंडखोर शिष्याची असेल.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या दवाखान्यात चाळीस वर्षांच्या नोंदी तपासल्या गेल्या. १९५३ मध्ये ३० टक्के रोग्यांचे दात काढले जात होते. १९६८ मध्ये ७६ टक्के. आणि १९९३ मध्ये परत २८. मुलांचे जबडे चाळीस वर्षांत असे बदलत नाहीत. डॉक्टरांची मतं बदलतात. आपल्याला दोन दवाखान्यांत दोन उत्तरं मिळतात ती अशी.

आणि दात काढून केलेले तरी टिकतात का? सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये छोट्या दाढा काढून उपचार झालेले ६५ रोगी, रिटेनर थांबवून दहा वर्षं झाल्यावर, तपासले. खालचे समोरचे दात समाधानकारक राहिले होते ते तीसपैकी नऊ जणांचेही नाही, म्हणजे ३० टक्क्यांहून कमी. दात न काढता कमान रुंद केलेल्यांचं चित्रही पुढच्या अभ्यासांत काही बरं दिसलं नाही. म्हणजे अँगलचा तो विश्वास, की दाढा एकदा खोबणीत बसल्या की दात आपले आपण जागेवर राहतील, दोन्ही पक्षांच्या हातून निसटला. केसच्या बाजूनं एवढंच म्हणता येतं की काही चेहऱ्यांना दात काढल्याशिवाय गत्यंतर नसतं. तेव्हा डॉक्टर दात काढा म्हणाले तर जागेसाठी की चेहऱ्यासाठी, आणि खालचे पुढचे दात हाडावर कुठे उभे राहणार, हे जरूर विचारा. क्ष-किरणांवर मोजून दाखवता येतं. काढा किंवा काढू नका, तारा निघाल्यावर रात्रीचा रिटेनर मात्र डॉक्टर बंद करा म्हणेपर्यंत लावायचा आहे. आणि डबा खाताना तो पेपर नॅपकिनमध्ये गुंडाळून ठेवायचा नाही, नाहीतर शाळेच्या कचऱ्याच्या डब्यात शोधावा लागतो.